भीतीचा भाव उतरतो तेव्हा

वाचकाचं पत्र:

माझा पुतण्या बारा वर्षांपासून अमेरिकेत आहे. त्याच्या राज्यात गांजा कायदेशीर झालाय. नोकरी सोडून दोन मित्रांबरोबर गांजाच्या लागवडीचा परवाना घ्यायचा त्याचा बेत आहे आणि भांडवलासाठी त्याने माझ्या निवृत्तीच्या पैशांतला एक तृतीयांश हिस्सा मागितला आहे, भागीदारी म्हणून. तो म्हणतो, "काका, सरकारला कर मिळतो, लोकांना काम मिळतं, काळा बाजार संपतो आणि धंदा दरवर्षी वाढतोच आहे. आत्ता शिरलो नाही तर मागे राहू." सौ. म्हणते, असल्या पैशाला घरात जागा नाही. मला पाप-पुण्याच्या वादात पडायचं नाही. हा धंदा खरंच चालतो का आणि देशाला त्याचा फायदा होतो हे खरं का, एवढंच सांगा.
— एक काका

काका,

तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण पुतण्याने त्यांची गाठ मारून तुमच्या हातात दिली आहे. देशाचा फायदा झाला म्हणजे पिकवणाऱ्याचाही होणारच, हे त्याने धरूनच टाकलंय. मला ही गाठच मान्य नाही. गांजा कायदेशीर झाला की सगळ्यात आधी ज्याचा नफा आटतो तो पिकवणारा. तेव्हा आधी उत्तर सांगून टाकतो: भागीदारीत पैसे घालू नका. कारणं सावकाश वाचा. पुतण्याला नुसतं "नाही" म्हणालात तर तो दुखावेल; कारणं सांगितलीत तर भांडेल, पण विचार करेल.

गांजा हे तसं तणाच्या जातीचं रोप. केशराचे लाड त्याला लागत नाहीत, व्हॅनिलासारखं एकेक फूल हाताने फळवावं लागत नाही. ऊन, पाणी आणि थोडी निगा मिळाली की ते माणसाच्या डोक्यावर जातं. मग बंदी असताना त्याला सोन्याचा भाव कशामुळे येतो? पकडले जाण्याची भीती, लपवून नेण्याचा खर्च, वाटेत चारायचे हप्ते, जप्त झालेल्या मालाचा तोटा, हे सगळं त्या भावात असतं. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते रोपाचे थोडे आणि भीतीचे जास्त. कायदा बदलला की भीती जाते, आणि भाव पुन्हा रोपाच्या लायकीवर येऊन बसतो.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांनी, म्हणजे जिल्ह्यांनी, हे अंगावर घेतलंय. तिथल्या डोंगरांत दोन पिढ्या चोरून गांजा पिकवत होत्या. १९८३ पासून सरकारने रोपं उपटायची मोठी मोहीम काढली, हेलिकॉप्टरं डोक्यावर घिरट्या घालू लागली. शेतकरी त्या आवाजाला घाबरून झाडीत पळत. पण खरं पाहिलं तर त्यांच्या मालाचा भाव तीच हेलिकॉप्टरं टिकवून होती. पौंडभर, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम मालाला काही हजार डॉलर मिळत होते ते त्यांच्याच कृपेने. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी गांजाला संमती दिली, जानेवारी २०१८ पासून दुकानं उघडली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत ठोक भाव काही शे डॉलरवर आला. बंदीच्या काळात तरलेली लहान शेतं कायद्याच्या काळात बुडाली. पोलिसांनी जे इतक्या वर्षांत जमवलं नाही ते बाजाराने करून दाखवलं.

कोलोरॅडोचे आकडे पुतण्यापुढे ठेवा. त्या राज्याने २०१२ मध्ये कौल दिला आणि १ जानेवारी २०१४ ला अमेरिकेतली पहिली कायदेशीर दुकानं तिथे उघडली. तेव्हा ठोक भाव पौंडाला २००० डॉलरच्या आसपास होता; २०२३ मध्ये तो ७०० च्याही खाली गेला. "धंदा दरवर्षी वाढतोच आहे" हे वाक्यही इथेच अडतं. कोलोरॅडोतली एकूण विक्री २०२१ मध्ये सुमारे २२० कोटी डॉलरवर पोहोचली होती, २०२३ मध्ये ती १५० कोटींच्या घरात उतरली. साथीच्या काळात घरी बसलेली गिऱ्हाइकं पुन्हा कामावर गेली हे एक कारण. दुसरं म्हणजे शेजारी. न्यू मेक्सिकोच्या सीमेजवळ ट्रिनिडाड नावाचं छोटं गाव आहे. सीमेपलीकडून गिऱ्हाईक येतं म्हणून तिथे गांजाच्या दुकानांची रांगच लागली होती. एप्रिल २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोने स्वतःची दुकानं उघडली आणि ट्रिनिडाडचा गल्ला रोडावला. पहिल्या राज्यांची कमाई अशी काही अंशी शेजाऱ्यांच्या बंदीवर चालते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओहायो हे गांजाला मोकळीक देणारं चोविसावं राज्य ठरलं. शेजारी बंदी असलेली राज्यं आता कमी होत चालली आहेत.

ऑरेगनची गोष्ट तर मला कर्जाच्या फायली तपासणाऱ्या जुन्या माणसाला फारच ओळखीची वाटते. एकाला कर्ज देऊन त्याचं चाललं की त्याच गल्लीतले दहा जण तोच अर्ज घेऊन येतात. ऑरेगनने परवाना मागेल त्याला दिला. २०१९ मध्ये तिथल्या नियंत्रण खात्याने हिशेब मांडला तेव्हा राज्यात साडेसहा वर्षं पुरेल एवढा माल पडून होता! हा माल शेजारच्या आयडाहोत विकता येत नाही, न्यूयॉर्कला पाठवता येत नाही. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याने गांजा आजही नियंत्रित पदार्थ आहे, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडली की तो गुन्हा. प्रत्येक राज्य म्हणजे एक वेगळं तळं. पाणी जास्त झालं तर वाहून जायला वाट नाही.

पुतण्या यावर म्हणेल, आमच्या राज्यात परवाने मोजकेच आहेत. असतीलही. इलिनॉयने सुरुवातीला मोजकेच परवाने दिले आणि तिथे भाव चांगला टिकला. २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या गांजावरच्या करवसुलीने दारूवरच्या वसुलीला मागे टाकलं. पण असा नफा पिकाचा नसतो, कुंपणाचा असतो. कुंपण किती उंच ठेवायचं हे पुढचं विधिमंडळ ठरवणार. आणि कधी काळी राज्याराज्यांतला व्यापार खुला झालाच, तर दिव्याखाली, वातानुकूलित गोदामात वीज जाळून पिकवलेला माल उघड्या उन्हात पिकवलेल्या मालापुढे टिकेल का? त्याच्या आराखड्यात विजेचं बिल किती धरलंय ते बघा. बंद खोलीतली लागवड विजेला भलती खादाड असते.

मोठ्यांचंही काय झालं ते सांगतो, नाहीतर "छोटे बुडतात, मोठे तरतात" असा समज व्हायचा. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला देशभर गांजा कायदेशीर केला. त्याच्या दोन महिने आधी दारूच्या धंद्यातल्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्सने कॅनपी ग्रोथ या गांजाच्या कंपनीत सुमारे चार अब्ज अमेरिकी डॉलर घालायचं जाहीर केलं. याच धंद्यातल्या टिलरे कंपनीचा शेअर जुलै २०१८ मध्ये १७ डॉलरला बाजारात आला आणि सप्टेंबरमध्ये एका दिवसात ३०० डॉलरला जाऊन भिडला. तेव्हा भरलेली पोतडी पुढे बहुतेकांनी रिकामी झालेली पाहिली. कॅनपीचा मोठा कारखाना ऑंटॅरिओतल्या स्मिथ्स फॉल्स या जेमतेम नऊ हजार वस्तीच्या गावात होता. ती इमारत मुळात हर्शी कंपनीची. चॉकलेटचा कारखाना बंद पडून गाव बेकार झालं होतं, तिथे गांजा आला आणि पुन्हा पगार सुरू झाले. कायदेशीर गांजामुळे रोजगार येतो याचा दाखला म्हणून या गावाचं नाव घेतलं जाई. फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅनपीने सुमारे आठशे जणांना कमी करायचं आणि हा कारखाना बंद करायचं जाहीर केलं. मग तो विकत कोणी घेतला असेल? हर्शीनेच, सुमारे ५ कोटी ३० लाख कॅनेडियन डॉलर देऊन. माझ्या नोकरीत मी अशी वर्तुळं बरीच पाहिली, पण इतकं गोल एकही नाही.

आता कराचा मुद्दा. यात पुतण्याचं निम्मं बरोबर आहे, आणि जे निम्मं चुकलंय ते त्याच्याच खिशाला लागणार आहे.

अमेरिकेच्या आयकर कायद्यात २८०ई नावाचं कलम आहे. त्याची कुळकथा मजेशीर आहे. १९८१ मध्ये अमली पदार्थ विकणाऱ्या एका माणसाने कर न्यायालयात सांगितलं की माझा धंदा बेकायदा असला तरी उत्पन्नावर कर घेताय ना, मग खर्चही वजा करा: तराजू, फोन, गाडी, घरभाड्याचा हिस्सा. न्यायालयाने ते मान्य केलं! चिडलेल्या संसदेने १९८२ मध्ये हे कलम घातलं: अमली पदार्थांच्या फेडरल वर्गवारीतल्या पहिल्या-दुसऱ्या यादीतल्या पदार्थांच्या व्यापारात मालाची मूळ किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा होणार नाही. पुढे राज्यांनी गांजाला परवानगी दिली, पण फेडरल यादीत तो पहिल्याच वर्गात राहिला, आणि परवानाधारक दुकानदार त्या जुन्या जाळ्यात सापडले. दुकानाचं भाडं, नोकरांचे पगार, जाहिरात, काहीच वजा नाही. तोट्यातल्या वर्षीही कर भरायची पाळी. लागवड करणाऱ्याला याची झळ थोडी कमी, कारण पिकवण्याचा बराचसा खर्च मालाच्या किमतीत धरता येतो. पण त्याची गिऱ्हाइकं म्हणजे हेच दुकानदार, आणि ते अडकले की उधारी थकते. २०२४ मध्ये सरकारने गांजाला तिसऱ्या यादीत न्यायचा प्रस्ताव मांडला. गांजा खरोखर त्या यादीत गेला की २८०ई त्याला लागू होत नाही. म्हणून त्याला सांगा, करारावर सही करायच्या दिवशी या कलमाची स्थिती काय आहे ते सल्लागाराकडून लेखी घे. बँकांचंही तेच. फेडरल कायद्याच्या धास्तीने बऱ्याच बँका या पैशाला हात लावत नाहीत, धंदा मोठ्या प्रमाणात रोखीत चालतो आणि कर्ज महाग पडतं. तो काकाच्या दारात का आलाय, हे यावरून ध्यानात येईल. बँक देत नाही ते भांडवल नातेवाइकांकडून उभं करावं लागतं.

सरकारला मिळतं का? मिळतं. कोलोरॅडोत गांजापासूनचं उत्पन्न २०२१ मध्ये ४२ कोटी डॉलरवर गेलं होतं, २०२४ मध्ये ते सुमारे २५ कोटींवर उतरलं. त्यातला एक वाटा शाळांच्या इमारतींसाठी राखून ठेवलेला असतो. चांगलंच आहे. पण राज्याच्या एकूण अंदाजपत्रकाशी ताडून पाहिलं तर हे उत्पन्न टक्क्याच्या आगेमागे रेंगाळतं. गांजाच्या जिवावर राज्य चालत नाही. एखादी चांगली योजना चालते.

कर किती लावायचा यापेक्षा कशावर लावायचा, हा खरा पेच आहे. इथे सरकारंही फसली. कॅनडाने ठरवलं: ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, यातलं जे जास्त ते. ग्रॅमला दहा डॉलर भाव असेल तर दोन्ही सारखंच. पण भाव कोसळून तीन-चार डॉलरवर आला आणि तोच एक डॉलर किमतीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढा झाला. कॅलिफोर्नियानेही पिकवणाऱ्याकडून वजनावर कर घेतला, २०२२ मध्ये औंसाला सुमारे दहा डॉलर, म्हणजे पौंडाला एकशे साठ. ज्या मालाला पौंडाला काही शे डॉलरच मिळताहेत त्यावर! शेतकऱ्यांनी ओरड केल्यावर त्याच वर्षी १ जुलैपासून तो कर रद्द झाला. बरं, किमतीवर कर लावावा तर भाव पडला की वसुलीही पडते. वजनावर लावला तर भाव पडल्यावर शेतकरी पडतो. आणि कर फार चढवला तर गिऱ्हाईक पुन्हा जुन्या, बिनपरवान्याच्या माणसाकडे जातं. कॅलिफोर्नियात इतक्या वर्षांनंतरही विक्रीचा मोठा भाग परवान्याबाहेरच आहे. न्यूयॉर्कने मार्च २०२१ मध्ये कायदा केला, पहिलं परवानाधारक दुकान उघडलं २९ डिसेंबर २०२२ ला. मधल्या काळात शहरभर बिनपरवाना दुकानांनी जागा धरली आणि ती हटवता हटवता सरकारच्या नाकी नऊ आले. परवान्याची वाट पाहणारे मात्र रिकाम्या जागेचं भाडं भरत बसले. पुतण्याने किती महिन्यांचं भाडं धरलंय?

देशाचा मोठा लाभ कराच्या रकान्यात सापडत नाही. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ जेफ्री मायरन यांनी २००५ मध्ये अंदाज मांडला होता की अमेरिकेने बंदी उठवली तर पोलीस, न्यायालयं आणि तुरुंग यांवरचे वर्षाला ७.७ अब्ज डॉलर वाचतील. कर मात्र साध्या मालासारखा लावला तर २.४ आणि दारू-तंबाखूसारखा लावला तर ६.२ अब्ज मिळेल. म्हणजे कमाईपेक्षा बचत मोठी. फक्त ही बचत तिजोरीत नोटांच्या रूपाने येऊन पडत नाही, कारण पोलीस खातं काही तेवढी माणसं घरी पाठवत नाही. ती दुसऱ्या गुन्ह्यांमागे लागतात. पण खिशातल्या पुडीसाठी ज्या पोराच्या नावावर गुन्हा चढला असता आणि पुढे नोकरी, भाड्याचं घर, शिष्यवृत्ती हे सगळं अडलं असतं, ते पोर आता कामाला जातं आणि कर भरतं. हा माझ्या मते सगळ्या हिशेबातला सर्वांत भक्कम आकडा आहे, आणि नेमका तोच कुणाच्या ताळेबंदात दिसत नाही.

रोजगाराचं म्हणाल तर उद्योगाच्या बाजूने होणाऱ्या मोजणीत अमेरिकेत सव्वाचार लाखांच्या आगेमागे नोकऱ्या गेली काही वर्षं दिसतात. त्यातल्या किती खरोखर नव्या आणि किती आधी अंधारात होत्या त्याच उजेडात आल्या, हे वेगळं करायला हवं. हम्बोल्टला हंगामात फुलं छाटायला येणाऱ्या मजुरांना पूर्वी पौंडामागे रोखीत जी मजुरी मिळे ती भावाबरोबर खाली आली. काम तेच, त्याला आता पावती मिळते.

खर्चाची बाजू पुतण्याने सांगितली नसेल, म्हणून मी सांगतो. २०२२ च्या सर्वेक्षणावर आधारलेल्या एका अभ्यासात दिसलं की अमेरिकेत रोज किंवा जवळपास रोज गांजा घेणारे सुमारे १ कोटी ७७ लाख होते, आणि तेवढ्याच नेमाने दारू पिणारे १ कोटी ४७ लाख. माल खपतो तो मुख्यतः या रोजच्या गिऱ्हाइकांवर. सणासुदीला एखादा झुरका घेणाऱ्यावर दुकान चालत नाही. भाव जितका उतरतो तितकं रोज घेणं परवडतं. त्याचा दवाखान्याचा, बुडालेल्या कामाच्या दिवसांचा, घरातल्या ताणाचा खर्च विक्रेत्याच्या वहीत चढत नाही. काकूंचं म्हणणं तुम्ही पाप-पुण्य म्हणून बाजूला सारलंत, पण त्यात हा हिशेब आहेच. त्यांना तसं सांगा, बरं वाटेल.

आणखी एक जोखीम म्हणजे कायदा मागेही फिरतो. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, हजारो दुकानं उभी राहिली. जून २०२५ मध्ये सरकारने विक्री पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीला बांधली. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून बाळगायला आणि घरी तीन रोपं लावायला मोकळीक दिली, पण दुकानं उघडू दिली नाहीत. लोकांवरची कारवाई थांबली, खुली दुकानदारी मात्र उभीच राहिली नाही. उरुग्वेत तर औषधाच्या दुकानांतून सरकार ठरवेल त्या स्वस्त भावात विक्री होते. "कायदेशीर" या एका शब्दात इतके वेगवेगळे बाजार लपलेले असतात.

तुमच्या पत्रात न आलेली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. पुतण्या नागरिक झालाय की अजून ग्रीन कार्डवर आहे? एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व खात्याने स्पष्ट मार्गदर्शन काढलं की राज्याच्या कायद्यात बसणारा गांजाचा व्यवसायसुद्धा फेडरल कायद्याने गुन्हाच असल्याने नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या अटीवर बोट ठेवू शकतो. परवाना राज्याचा, कर भरलेला, पावत्या चोख, आणि तरीही बारा वर्षांची खटपट पाण्यात. नागरिक असेल तर प्रश्न फक्त पैशांचा. नसेल तर त्याचं तिथलं राहणंच पणाला लागतं, आणि भागीदार म्हणून तुमचं नाव कागदावर आलं तर त्याच्याकडे जाण्यासाठी व्हिसा मागताना तुम्हालाही प्रश्न विचारले जाऊ शकतात.

मदत करावीशी वाटणं साहजिक आहे. तर असं करा: भागीदारीला नकार द्या आणि इमिग्रेशनच्या वकिलाची व गांजाच्या धंद्याचे हिशेब पाहणाऱ्या कर सल्लागाराची एकेका भेटीची फी तुम्ही भरा. त्याला म्हणावं, ठोक भाव आजच्या निम्म्यावर आला असं धरून तुझा आराखडा पुन्हा मांड आणि त्या दोघांना दाखव. तो कागद घेऊन त्याने पुन्हा फोन केला तर मला परत लिहा.